गुळाच्या पेठेत कॉफी

बंगळुरू-पुणे महामार्ग कोल्हापूरला चाटून जातो. चिकमगळूरच्या डोंगरातली कॉफी पुण्या-मुंबईच्या भाजणाऱ्यांकडे निघते ती याच वाटेनं. तवंदीचा घाट उतरायचा, निपाणी आणि कागल मागं टाकायचं, पंचगंगेचा पूल ओलांडायचा आणि किणीच्या टोलनाक्याकडं निघून जायचं. मधल्या या मोठ्या गावात तिचा मुक्काम कित्येक वर्षं झालाच नाही. घरोघरी कॉफी होती ती डबीतली. दुधात उकळून, साखर आणि किसलेलं जायफळ घालून रात्रीच्या जागरणाला किंवा खास पाहुण्यांना द्यायची. ती चांगलीच लागते, पण तिच्यातली कॉफी कुठल्या डोंगरावरची हे कुणी विचारत नसे, आणि सांगणारंही कुणी नव्हतं.

हल्ली राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, विद्यापीठाच्या रस्त्याला नवी कॉफीची दुकानं निघाली आहेत. त्यातली काही स्वतः बी भाजतात असंही ऐकलं होतं. चिकमगळूरहून परत येत होतो, वाटेवरच होतं, म्हणून कोल्हापूरला उतरलो.

पहिल्या संध्याकाळी कॉफीच्या दुकानात न जाता गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेलो, आणि ते बरं झालं. रस्त्याच्या कडेला म्हशी बांधलेल्या, गवळी उकिडवा बसलेला, गिऱ्हाईक पेल्याची वाट बघत समोर उभं. धार थेट पुढ्यात काढली जाते आणि दूध लगेच हातात येतं. माझ्या पेल्यात निम्मा फेसच होता. तो खाली बसावा म्हणून थांबलो, तर शेजारचे मामा म्हणाले, "फेसासकट घ्या पावणं, त्यातच चव हाय." दूध कोमट, नुसतंच गोडसर आणि जिभेवर जाड. तालमीच्या या गावात दुधाची पारख लहानपणापासून होते. गोकुळचा जिल्हा संघ १९६३ साली सुरू झाला, वारणेचा दूधसंघही त्याच दशकातला. म्हणजे दोन पिढ्या इथला शेतकरी दुधातल्या फॅटचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ वाचतो आहे. म्हशीच्या दुधात सहा टक्क्यांच्या वर फॅट असतं, गाईच्या दुधात साडेतीन-चारच्या आसपास. परदेशातून आलेली कॉफीची सगळी यंत्रं, सगळी मापं आणि शिकवण्या गाईचं दूध धरून बेतलेल्या आहेत. कोल्हापुरात कॉफीचं दुकान काढणाऱ्याची पहिली गाठ पडते ती या पेल्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीपीआर रुग्णालयाच्या चौकातून भाऊसिंगजी रोडनं शिवाजी चौकाकडं चालत निघालो. दुकानांची शटरं वर जात होती, रिक्षांची गर्दी सुरू झाली होती. शंभर वर्षांपूर्वी याच रस्त्यावर गंगाराम कांबळे यांचं 'सत्यसुधारक' हॉटेल होतं. कोल्हापूरच्या कुठल्याही कॅफेचा इतिहास मी तिथूनच सुरू करीन.

गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकरीला होते. अस्पृश्य मानलेल्या जातीचा माणूस वरच्या जातीच्या नोकरांच्या पाण्याला शिवला, म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराज तेव्हा परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामांना नोकरीतून मोकळं करून स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. त्यासाठी पैसेही दिले. चहाचं हॉटेल निघालं, पण त्यांच्या हातचा चहा प्यायला सवर्ण गिऱ्हाईक पायरी चढेना. मग महाराजांची गाडी त्या दारात थांबू लागली. महाराज गाडीतूनच चहा मागवायचे, स्वतः घ्यायचे आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही घ्यायला लावायचे. राजानं घोट घेतल्यावर बाकीच्यांना नाही म्हणायची सोय राहिली नाही.

ही गोष्ट सांगताना सगळा प्रकाश महाराजांवर पडतो, आणि तो पडावाच. पण मला त्या रस्त्यावर उभं राहून दुसऱ्या माणसाचा विचार जास्त आला. महाराजांची गाडी थोडा वेळ थांबून पुढं जाणार. बाकीचा दिवस आधण ठेवणारा, कपबशा विसळणारा आणि समोरून मान वळवून जाणाऱ्यांच्या देखत दुकान उघडं ठेवणारा माणूस गंगाराम कांबळे होता. १९२२ साली महाराज गेले, आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२५ साली, कोल्हापुरातल्या दलित समाजानं त्यांचं स्मारक उभं केलं. त्यात पुढाकार याच हॉटेलवाल्याचा होता. माझ्या लेखी कपात काय ओतायचं यापेक्षा दुकानदाराच्या हातातली फार मोठी गोष्ट म्हणजे दारात कोण बसू शकेल हे ठरवणं. कॉफीच्या कौतुकात हे विसरलं जातं म्हणून इथं लिहून ठेवतो.

तिथून पन्हाळ्याची बस धरली. वीसेक किलोमीटर अंतर, शेवटी घाटाची वळणं. तीन हजार फुटांच्या वरचा हा डोंगर मराठी माणसाला सिद्दी जौहरच्या वेढ्यासाठी माहीत आहे. मी मात्र त्याच्याकडं चहाचा डोंगर म्हणून बघत होतो. शाहू महाराजांनी इथं चहाची लागवड करवली, आणि तो चहा 'पन्हाळा नं. ४' या नावानं ओळखला जात होता. संस्थानात कॉफीच्या आणि रबराच्या लागवडीचेही प्रयोग झाले. १८९५ साली शाहूपुरीची गुळाची पेठ वसवणाऱ्या राजाला पिकाबरोबर त्याच्या बाजाराचंही भान होतं, त्याचंच हे पुढचं पाऊल.

कॉफीला हा मुलूख का मानवला नसावा, याचा थोडा अंदाज तिथं उभं राहिलं की येतो. चिकमगळूर आणि कोडगूच्या मळ्यांना पावसाळ्याशिवाय आणखी एक पाऊस लागतो, मार्च-एप्रिलमधला. ती सर आली की आठवड्या-दीड आठवड्यात सगळा मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. पुढं पुन्हा एक सर आली तर फळ धरतं. मळेवाले त्या दिवसांत दुसरं काही बोलत नाहीत. आपल्या सह्याद्रीत आभाळ चार महिने कोसळतं आणि मग पुढं कोरडं राहतं, वळीव आला तर आला. झाड जगतं, पण फुलाचं गणित बसत नाही. महाराष्ट्रात कॉफी टिकली ती पार विदर्भात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला, आणि तीही थोडकी.

तरी 'पन्हाळा नं. ४' हे नाव डोक्यातून जाईना. पुड्यावर गावाचं नाव होतं! कॉफीच्या बाबतीत तेवढ्यासाठी हिंदुस्थानातल्या मळेवाल्यांना पुढची कित्येक दशकं थांबावं लागलं.

सोळाशे सत्तरच्या सुमारास बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणल्या आणि चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या, ही कथा तिकडं पोरंटोरंही सांगतात. डोंगराला आज त्यांचंच नाव आहे. खरी उलथापालथ मात्र त्यानंतर फार उशिरा झाली. दुसऱ्या महायुद्धात निर्यात बसली, मळेवाले बुडायला आले, तेव्हा १९४२ च्या कायद्यानं सगळी कॉफी सरकारी मंडळाकडं गोळा होऊ लागली. कुणाचाही माल असो, तो प्रतवारीनुसार एका ढिगात जायचा, मंडळ लिलाव करायचं आणि मळेवाल्याला पैसे हप्त्याहप्त्यानं मिळायचे. त्या वेळी या व्यवस्थेनं माणसं तगली, हे मान्य केलं पाहिजे. मुंबई-दिल्लीची इंडिया कॉफी हाऊसंही अशाच सरकारी प्रयत्नांतून निघाली, आणि मंडळानं ती बंद करायला घेतली तेव्हा १९५७ पासून कामगारांनी सहकारी संस्था काढून आपल्या हाती घेतली. पण ढिगात एकदा माल गेला की उत्तम वेचणी करणारा आणि कच्चीपक्की फळं ओरबाडणारा यांत फरक उरत नव्हता. राखून, निवडून, सावलीत वाळवून काढलेल्या बीला वेगळा भाव मागायची जागाच नव्हती.

१९९२ नंतर टप्प्याटप्प्यानं बंधनं सुटली आणि १९९६ पर्यंत मळेवाला आपला माल स्वतः विकायला मोकळा झाला. त्याच वर्षी चिकमगळूरच्या मळेवाल्यांच्या घरातले व्ही. जी. सिद्धार्थ यांनी बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान उघडलं. हा योगायोग नव्हे. २०१३ साली दिल्लीत ब्लू टोकाई सुरू झाली, पुढं मुंबईत सबको आली. या मंडळींनी पुड्यावर मळ्याचं नाव आणि भाजल्याची तारीख छापायला सुरुवात केली. आंध्रात अराकूच्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी पॅरिसच्या दुकानात त्यांच्या दरीच्या नावानं गेली. २०१९ मध्ये कोडगू, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अराकू या पाचही कॉफींना भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी चपलेलाही त्याच वर्षी मिळालं आणि इथल्या गुळाला त्याआधी, २०१४ साली. म्हणजे नावाची किंमत काय असते हे कोल्हापूरकराला कुणी शिकवायला नको.

राजारामपुरीच्या एका गल्लीत मला ज्याचं दुकान सापडलं तो तिशीतला तरुण करवीर तालुक्यातला. वडिलांचं गुऱ्हाळ होतं. ऊस कारखान्याला जाऊ लागला, गुऱ्हाळाला माणसं मिळेनात, आजूबाजूची चुलवाणं एकेक करून विझली, तसं त्यांचंही थांबलं. हा बंगळुरूला नोकरीला गेला, तिथं कॉफी शिकला आणि परत आला. दुकानाच्या मागच्या खोलीत किलोभराचं भाजायचं यंत्र आहे. त्यानं मला शेजारी उभं केलं आणि म्हणाला, "बोलू नका काका, फक्त ऐका."

हिरवट-राखाडी बी आत गेली. आधी ओल्या गवताचा वास, मग काही मिनिटांत भाकरी शेकल्याचा. रंग पिवळा, मग दालचिनीसारखा. तो काचेतून बघत होता, छोटा चमचा आत खुपसून दाणे बाहेर ओढत होता, हुंगून परत ढकलत होता. यंत्रावर तापमानाचा आकडा होता, पण त्याची नजर तिकडं क्वचितच जायची. दोनशे अंशांच्या जरा अलीकडं दाणे तडतडू लागले, आधी एक, मग दोन, मग फुटाण्यासारखे सलग. इथून पुढं अर्ध्या मिनिटाचा फरकही चवीत उतरतो. त्यानं झडप उघडली, दाणे पंख्याखाली पडले आणि खोली धुरकट गोड वासानं भरली.

"बाबांकडनं शिकलो हे," तो म्हणाला. मला आधी कळेना. मग त्यानं सांगितलं. काहिलीत रस उकळत असतो, वर मळी धरते ती भेंडीच्या चिकानं काढायची, आणि शेवटी पाक कधी उतरवायचा ते गुळव्याचं कसब. पाण्यात थेंब सोडायचा, बोटांनी गोळी वळते का बघायची. क्षणभर आधी उतरवला तर गूळ बसत नाही, क्षणभर उशीर झाला तर करपतो. वडिलांच्या शेजारी बसून त्यानं तो क्षण ओळखायला शिकून घेतलं होतं. बंगळुरूच्या वर्गात बाकीची मुलं आलेख काढत होती, तेव्हा याच्या नाकानं आणि कानानं काम सुरू केलं होतं. एक धंदा बुडाला तरी त्यातली विद्या दुसऱ्या धंद्यात जिवंत राहते, हे मी त्या खोलीत डोळ्यांनी पाहिलं, आणि मला फार आनंद झाला.

मग दुधाचा विषय निघाला. सुरुवातीला त्यानं बाबाबुडनगिरीची बी हलकी भाजून आणली, जिच्यात लिंबाची, जर्दाळूची आंबूस चव टिकते. नुसत्या पाण्यातली ती कॉफी मी प्यायलो, सुरेख होती. पण गिऱ्हाईक दूध मागणार, आणि म्हशीच्या दुधात ती चव पार बुडून जायची. शहरातले दुकानदार अशा वेळी गिऱ्हाइकाला समजावतात, दूध नको, साखर नको. यानं उलटा रस्ता धरला. बी थोडी गडद भाजली, तिच्यात चिकमगळूरच्या चांगल्या रोबस्टाचा हिस्सा मिसळला आणि दूध म्हशीचंच ठेवलं. वाफ देताना ते साठ-पासष्ट अंशांपलीकडं जाऊ द्यायचं नाही, सत्तर ओलांडलं की जळका वास येतो आणि मुळातली गोडी जाते. त्यानं दिलेला कप माझ्या जिभेवर गंगावेशीतल्या पेल्यासारखाच जाड बसला, आणि त्याखालून कॉफी ठणठणीत वर आली. रोबस्टाला हलकं लेखणाऱ्या जाणकारांनी तो कप एकदा प्यावा. स्थानिक दुधापुढं नमतं घेण्यात कमीपणा नाही. इटलीतल्या लोकांनीही आपल्या सकाळी बघूनच आपली कॉफी बेतली.

गुळाची कॉफीही त्याच्याकडं मिळते. तिथं त्याला आणखी झगडावं लागलं, कारण गूळ तापत्या दुधात पडला की दूध फाटतं. आता तो गूळ आधी थोड्या कॉफीत विरघळवून घेतो आणि दूध शेवटी, आचेवरून उतरलेलं, हळू ओततो. गूळ कुठला हेही ठरलेलं. बाजारात पिवळाधमक गूळ चढ्या भावानं जातो आणि त्या रंगासाठी काहिलीत पावडरी पडतात. हा काळपट, बिनपावडरीचा गूळ घेतो, जो पेठेत मागं पडतो. पाटीवर कॉफीच्या मळ्याचं नाव आहे आणि त्याखाली गुऱ्हाळाच्या गावाचं.

एवढं सगळं असून मला त्याच्या दुकानाची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे दर्शनी बाजू. गल्लीकडची भिंत त्यानं काढून टाकली आहे. कोल्हापूर-सांगलीकडं गेल्या काही वर्षांत पडदे लावलेल्या, कप्पे केलेल्या कॅफेंवर पोलिसांचे छापे पडले, आणि घरोघरी पोरींना सांगितलं गेलं की तसल्या ठिकाणी पाऊल टाकायचं नाही. त्याची शिक्षा चांगल्या दुकानदारालाही होते, आणि पोरींना तर दुहेरी, कारण गावात बसून बोलायच्या जागा त्यांच्या वाट्याला आधीच थोड्या. रस्त्यावरून सगळं दिसतं अशा त्या दुकानात दुपारी विद्यापीठातल्या चार मुली वह्या पसरून बसल्या होत्या. एकीची आजी तिला घ्यायला आली, आणि नात वही आवरेपर्यंत तीही टेकली. "कडू लागतंय की रं," ती म्हणाली, आणि गुळाचा खडा मागून घेतला. त्यानं तो बशीत ठेवून दिला.

किमतीचा प्रश्न मी टाळणार नव्हतो. यंत्रावरची कॉफी एकशेचाळीस रुपये, आणि पलीकडच्या टपरीवर चहा दहा रुपयाला. मळेवाल्याला चांगला भाव, भाजायला ताजा माल, आयात यंत्राचा हप्ता, गल्लीतलं भाडं, हे सगळं त्या आकड्यात आहे आणि तो हिशेब खरा आहे. तरी एकशेचाळीस रुपयांत गल्लीतला हमाल, रिक्षावाला, शेजारचा शिंपी बाहेरच राहतो. त्यालाही ते खुपत होतं. म्हणून बाहेरच्या बाकावर तो डिकॉक्शनची अर्धी वाटी तीस रुपयाला देतो. डिकॉक्शन पितळी फिल्टरमधून उतरवतो, त्यामुळं विजेच्या यंत्राचा खर्च त्यावर बसत नाही. बी तीच आणि दूधही तेच. तीस रुपयेही चहाच्या तिप्पट आहेत, हे मी त्याला म्हणालो. त्यानं मान हलवली. "वीसवर आणायचंय. अजून बसत नाही." भाऊसिंगजी रोडवरून आल्यामुळं असेल, मला आतल्या यंत्रापेक्षा तो बाक महत्त्वाचा वाटला. कॉफी कोल्हापूरची होणार असेल तर ती त्या बाकावरून होईल.

निघायच्या दिवशी त्याच्याबरोबर शाहूपुरीत गेलो. गुळाचा हंगाम चालू होता. सौद्याच्या जागी रव्यांची थप्पी लागलेली, वासानं घसा गोड होत होता. अडत दुकानात म्हातारे अडते गादीवर बसले होते. याच्या वडिलांना ते ओळखत. यानं नेहमीचा काळपट गूळ मागितला तसे ते म्हणाले, "तुझा बाप पिवळा गूळ आणायचा, तू काळा नेतोस. करतोस काय त्याचं?"

यानं सांगितलं.

"आणि कप केवढ्याला?"

आकडा ऐकून त्यांनी मनात हिशेब केला. "तीन किलो गूळ झाला की रं तेवढ्यात."

"तीस रुपयाचीबी हाय, आप्पा. बाहेर बाकावर."

आप्पांनी वजनकाट्यावरचा रवा सरळ केला, पावती फाडली आणि विचारलं, "दूध कुणाचं घालतोस, म्हशीचं न्हवं?"

"म्हशीचंच."

"मग उद्या सौदे झाले की येतो. पण पुड्यावर त्या डोंगराचं नाव घालतोस, तसं माझ्या शेतकऱ्याचं नावबी घाल. नुसतं गावाचं नको. गावात गूळ करणारे लई हायत." यानं खिशातली वही काढली आणि आप्पांना गुऱ्हाळवाल्याचं पूर्ण नाव विचारून लिहून घ्यायला लागला.